थरथरणाऱ्या मोटारीचा तपास

एस. टी.च्या गाडीत मागच्या बाकावर बसून तुम्ही प्रवास केला असेल, तर एक गंमत तुमच्या ध्यानात आली असेल. गाडी थांब्यावर उभी असते, इंजिन चालू असते आणि खिडकीची काच खडखड वाजत असते. गाडी सुटून जरा वेग आला की तीच काच गप्प होते. पुढे सरळ रस्ता लागला, गाडी पळू लागली, की काच शांतच राहते. पण आता समोरच्या बाकाची दांडी थरथरू लागते. गाडी तीच आणि प्रवासीही तेच. मग कधी काच आणि कधी दांडी, असे का बरे व्हावे?

याचे कारण असे, की गाडीत अनेक भाग फिरत असतात आणि त्यांतील प्रत्येकाच्या फेऱ्यांचा हिशोब वेगळा असतो. ज्याच्या फेऱ्या जिच्याशी जुळतात, ती वस्तू थरथरते. म्हणजे ही थरथर मुकी नसते. ती आपला पत्ता सांगत असते. आपल्याला फक्त एकच प्रश्न विचारता आला पाहिजे : सेकंदाला किती वेळा?

हा प्रश्न वेळेवर न विचारल्यामुळे माझ्या एका जुन्या विद्यार्थ्यावर मोटारीचे संपूर्ण इंजिन उतरवण्याची पाळी आली होती. त्याचीच ही हकीकत.

गाडी आणि तिचे दुखणे

हा विद्यार्थी इंग्लंडमध्ये नोकरी करतो. २०२३ साली त्याने हौसेने एक जुनी, उघड्या टपाची, दोन आसनांची एम. जी. बी. ही स्पोर्ट्स मोटार विकत घेतली. ही मोटार इंग्लंडमधील ॲबिंग्डन या गावी १९६२ पासून १९८० पर्यंत तयार होत असे आणि तेवढ्या काळात पाच लाखांहून अधिक गाड्या बाहेर पडल्या. याची गाडी १९७२ सालची; म्हणजे मालकापेक्षा वयाने बरीच मोठी.

ही गाडी आपल्याला अगदीच परकी नाही. तिचे १७९८ घनसेंटिमीटरचे इंजिन ज्या घराण्यातले, त्याच घराण्यातले १४८९ घनसेंटिमीटरचे इंजिन आपल्याकडील ॲम्बॅसडर मोटारीत कित्येक वर्षे बसवले जात होते. दोन्ही गाड्यांची मांडणीही एकसारखी. इंजिन पुढे, त्याच्या मागे गिअरबॉक्स. तेथून गाडीच्या पोटाखालून मागे जाणारा एक लांब, पोकळ, पोलादी दांडा, म्हणजे प्रॉपेलर शाफ्ट. आणि शेवटी मागच्या चाकांना गती देणारे डिफरन्शियल. ट्रकखाली डोकावून पाहिलेत तर असाच दांडा दिसेल.

गाडीचे दुखणे असे : ताशी ५५ मैलांपर्यंत ती लोण्यासारखी चाले. ६० मैलांच्या, म्हणजे सुमारे ९७ किलोमीटरच्या आसपास आली की आसन आणि पायाखालचा पत्रा थरथरू लागे. ६५ ला थरथर आणखी वाढे.

"सर, मोटारमार्गावर घेतली की दातावर दात वाजतात. काय असेल?" त्याने फोनवर विचारले.

"अरे, चाकांचा समतोल तपासून घे," मी सांगून टाकले. शंभरातले बरेच जण हेच सांगतील. त्याच्या गाडीची चाके तर सायकलसारखी, तारांच्या स्पोकची. सायकलच्या दुकानात चाकाचा आऊट काढताना तुम्ही पाहिलेच असेल. तारा सैल-घट्ट झाल्या की चाक डुलते. तेव्हा पहिला संशय चाकांवर जाणे स्वाभाविकच होते.

त्याने चाकांचा समतोल करून घेतला. थरथर तशीच. टायर नवे घातले, पुन्हा समतोल केला. थरथर तशीच! आता त्याच्या गॅरेजवाल्याने निदान केले, की दोष इंजिनात आहे. ते उतरवून उघडावे लागेल. खर्चाचा आकडा ऐकून माझ्या विद्यार्थ्याने पुन्हा फोन केला. या वेळी मात्र मी आधी सल्ला दिला नाही. कागद-पेन्सिल घ्यायला सांगितले.

वीस ग्रॅम काय करू शकतात?

आधी आपण एवढे समजून घेऊ, की फिरणाऱ्या वस्तूत थोडेसे वजन एका बाजूला जास्त असेल तर एवढा गोंधळ का होतो.

दोरीला दगड बांधून गरगर फिरवला की दोरी हाताला ओढ देते. ही ओढ तीन गोष्टींवर अवलंबून असते :

बल = वस्तुमान × त्रिज्या × कोनीय वेगाचा वर्ग

यातला 'वर्ग' हा शब्द महत्त्वाचा. वेग दुप्पट झाला की ओढ चौपट होते, तिप्पट झाला की नऊपट.

आता समजा, चाकाच्या कडेला, आसापासून १८ सेंटिमीटरवर, २० ग्रॅम वजन जास्त आहे. ताशी ६० मैल वेगाला हे चाक सेकंदाला सुमारे १४.३ फेऱ्या मारते (हा आकडा कसा आला ते पुढे पाहू). एका फेरीत दोन पाय रेडियन, म्हणून कोनीय वेग झाला सेकंदाला सुमारे ९० रेडियन. गुणाकार करून पाहा : ०.०२ × ०.१८ × ९० × ९०. उत्तर येते सुमारे २९ न्यूटन. म्हणजे जवळजवळ तीन किलोच्या वजनाएवढी ओढ! दोन-चार नाण्यांएवढा हा ऐवज चाकाला क्षणात वर, क्षणात खाली, असा सेकंदाला चौदा वेळा हिसडे देत असतो. तीच गाडी ताशी ३० मैलांनी चालली तर ओढ फक्त सात न्यूटनांवर येते आणि आपल्याला काही जाणवतही नाही.

याशिवाय आणखी एक गोष्ट घडते. झोपाळ्याला त्याच्या लयीत हलके धक्के दिले तरी तो उंच जातो, हे तुम्हाला ठाऊकच आहे. यालाच अनुनाद म्हणतात. मोटारीचे चाक हे टायरमधली हवा आणि गाडीची स्प्रिंग यांच्यामध्ये अडकलेले एक वजनच असते, आणि त्याचीही स्वतःची लय असते. बहुतेक मोटारींत ती सेकंदाला १० ते १५ कंपनांच्या आसपास येते. चाकाच्या फेऱ्या या लयीशी जुळल्या की थरथर एकदम वाढते आणि वेग त्यापलीकडे गेला की पुष्कळदा कमीही होते. म्हणूनच चाकाचा असमतोल ताशी ७० ते १०० किलोमीटरच्या पट्ट्यात सर्वाधिक जाणवतो.

सेकंदाला होणाऱ्या कंपनांची संख्या म्हणजे वारंवारता, आणि तिचे एकक हर्ट्झ, हे तुम्ही शिकला आहातच. सेकंदाला १४.३ फेऱ्या म्हणजे १४.३ हर्ट्झ.

संशयितांची यादी

मी विद्यार्थ्याला पहिले काम सांगितले ते खडू आणि फीत घेऊन करायचे. सपाट जागी मागच्या टायरवर एक खूण करायची, तिच्या बरोबर खाली जमिनीवर दुसरी. मालकाने आसनावर बसायचे आणि मित्राने गाडी हळू ढकलायची. टायरवरची खूण पुन्हा जमिनीला टेकली की तेथे तिसरी खूण. जमिनीवरच्या दोन खुणांमधले अंतर म्हणजे चाकाच्या एका फेरीत गाडीने कापलेले अंतर. ते भरले १.८८ मीटर.

ताशी ६० मैल म्हणजे सेकंदाला २६.८ मीटर. त्याला १.८८ ने भागले की चाकाच्या फेऱ्या मिळतात : सेकंदाला १४.३.

या गाडीच्या डिफरन्शियलमधील दातेरी चक्रांचे प्रमाण ३.९ आहे. म्हणजे चाकाची एक फेरी होते तेव्हा प्रॉपेलर शाफ्टच्या ३.९ फेऱ्या होतात. चौथ्या गिअरमध्ये इंजिन आणि शाफ्ट एकाच वेगाने फिरतात. परंतु या गाडीला गिअरबॉक्सच्या मागे 'ओव्हरड्राइव्ह' नावाची एक जोडयंत्रणा आहे. तिचे बटण दाबले की गाडीचा वेग तोच राहतो, पण इंजिन शाफ्टच्या फक्त ०.८२ पट वेगाने फिरते. मोटारमार्गावर इंधन वाचावे आणि इंजिनाला आराम मिळावा, म्हणून ही सोय. माझा विद्यार्थी मोटारमार्गावर नेहमी ओव्हरड्राइव्हमध्येच असे.

आता ताशी ६० मैलांना, ओव्हरड्राइव्हमध्ये, संशयितांचे हिशोब पाहा :

चाक : १४.३ हर्ट्झ
प्रॉपेलर शाफ्ट : १४.३ × ३.९ = ५५.८ हर्ट्झ
इंजिनाचा दंड : ५५.८ × ०.८२ = ४५.८ हर्ट्झ
इंजिनातील स्फोट : ९१.६ हर्ट्झ (चार सिलिंडरच्या इंजिनात दंडाच्या एका फेरीत दोन स्फोट होतात)

शाफ्टच्या दोन्ही टोकांना असणाऱ्या सांध्यांचाही विचार केला पाहिजे. गाडी खड्ड्यांतून जाताना मागचा आस वरखाली होतो. तेव्हा शाफ्टला वाकडे होऊनही फिरता यावे, म्हणून हे सांधे. इंग्रजांच्या भाषेत त्यांना हूकचा सांधा म्हणतात. होय, स्प्रिंगच्या नियमाचा जो रॉबर्ट हूक तुमच्या पुस्तकात भेटतो, तोच हा. या सांध्याला एक खोड आहे. तो कोनात वाकलेला असेल तर एका बाजूने शाफ्ट एकसारखा फिरवला तरी दुसरी बाजू एका फेरीत दोनदा किंचित पुढे आणि दोनदा किंचित मागे रेंगाळत फिरते. दोन्ही टोकांचे सांधे योग्य रीतीने जुळवले तर एकाची खोड दुसरा मोडतो. दुरुस्तीनंतर ते चुकीचे जुळले तर थरथर निर्माण होते. पण ती शाफ्टच्या फेऱ्यांच्या दुप्पट, म्हणजे १११.६ हर्ट्झला.

पाहा, अजून गाडीचा एकही स्क्रू सैल केला नाही. पण प्रत्येक संशयिताचा ठसा आपल्या हाती आला. आता गुन्ह्याच्या जागी मिळालेला ठसा त्याच्याशी ताडून पाहायचा.

मोबाइलने दिलेली साक्ष

पूर्वी अशा मोजमापासाठी महागडे उपकरण लागे. आज जवळजवळ प्रत्येक मोबाइलमध्ये त्वरण मोजणारी एक बारीकशी चकती असते. फोन आडवा धरला की पडद्यावरचे चित्र आडवे होते, ते तिच्याच जोरावर. जर्मनीतील आखेन येथील विद्यापीठाने तयार केलेले 'फायफॉक्स' हे ॲप विनामूल्य मिळते. ते या त्वरणाचा आलेख काढते आणि त्यात कोणकोणत्या वारंवारता किती जोराच्या आहेत तेही दाखवते.

विद्यार्थ्याने फोन आसनामागच्या पत्र्यावर पट्टीने घट्ट बसवला. गाडी त्याचा मित्र चालवत होता. वेगासाठी गाडीतला पन्नास वर्षांचा काटा न वापरता उपग्रहावरून मिळणारा वेग घेतला. ताशी ६० मैलांना आलेख काढला तर १४ हर्ट्झला अगदी लहानसे शिखर होते. चाके धुतल्या तांदळासारखी नव्हती, पण खरी गुन्हेगारही नव्हती. उंच शिखर होते ४४.२ हर्ट्झला.

"सर, इंजिनच निघाले!" त्याचा आवाज पडलेला होता. "गॅरेजवाले बरोबर सांगत होते."

"इंजिनाचा आकडा किती होता?"

"पंचेचाळीस पूर्णांक आठ. दीड हर्ट्झचा फरक पडतोय. पण तेवढी चूक व्हायचीच ना मोजण्यात?"

विद्यार्थी मित्रांनो, प्रयोगशाळेत हे वाक्य मी दर वर्षी ऐकतो. चूक होते हे खरे; परंतु ती किती होऊ शकते, हे आपल्याला माहीत असले पाहिजे. चाकाच्या बाबतीत हिशोब आणि मोजमाप उत्तम जुळले होते. वेग बरोबर होता, टायरचे माप बरोबर होते. मग एकट्या इंजिनानेच दीड हर्ट्झ का चुकावे? नको असलेला फरक 'मोजण्यातली चूक' म्हणून झाकून टाकणे म्हणजे साक्षीदाराचे तोंड बंद करण्यासारखे आहे.

मी त्याला म्हटले, "इंजिन उतरवायच्या आधी एकच कर. ६५ मैलांना पुन्हा मोज. इंजिन असेल तर आकडा वाढून साडेएकोणपन्नासच्या जवळ गेला पाहिजे."

दुसऱ्या दिवशी त्याचा फोन आला तेव्हा तो चक्रावला होता. वेग वाढवला, थरथर वाढली. परंतु आकडा वाढण्याऐवजी कमी झाला होता! ६५ मैलांना शिखर ३९.६ हर्ट्झला आले होते.

गाडी जोरात जावी आणि तिच्यातला कोणताही भाग सावकाश फिरू लागावा, हे कसे शक्य आहे?

उलटे फिरणारे चाक

सिनेमात तुम्ही टांग्याचे किंवा मोटारीचे चाक उलटे फिरताना पाहिले असेल. चाक उलटे फिरत नसते. कॅमेरा सेकंदाला ठरावीक चित्रेच घेतो, म्हणून तसे भासते. दोन चित्रांच्या मधल्या वेळात चाक जवळजवळ एक पूर्ण फेरी मारते, पण किंचित कमी. आपल्याला मधले काही दिसत नाही. आपला डोळा समजतो, की चाक किंचित मागे सरकले.

मोबाइलचेही असेच आहे. तोही त्वरण अखंड पाहत नाही. सेकंदाला ठरावीक वेळा नमुना घेतो. या विद्यार्थ्याचा फोन सेकंदाला १०० नमुने घेत होता. नियम असा आहे, की सेकंदाला जितके नमुने घ्याल त्याच्या निम्म्यापर्यंतच्या वारंवारता खऱ्या दिसतात. येथे ती मर्यादा ५० हर्ट्झ. त्यापलीकडची वारंवारता आली की ती ५० च्या रेषेवर, आरशात पाहावे तशी, उलट दिसते. ५२ हर्ट्झचे कंपन ४८ हर्ट्झला दिसते, ६० हर्ट्झचे ४० ला. खरी वारंवारता वाढली की आरशातली कमी होते.

आता १०० मधून ४४.२ वजा करा. उत्तर येते ५५.८. संशयितांच्या यादीत हा आकडा कोणाचा आहे ते पाहा बरे!

आणि ६५ मैलांना? तेव्हा चाक सेकंदाला १५.५ आणि शाफ्ट ६०.४ फेऱ्या मारतो. १०० वजा ६०.४ म्हणजे ३९.६. आकडा न् आकडा जुळला. दीड हर्ट्झचा फरक ही मोजण्यातली चूक नव्हतीच. चोर सोडून संन्याशाला फाशी होणार होती, ती त्या दीड हर्ट्झने टळली.

एका वेळी एकच बदल

हिशोब जुळला म्हणून तपास संपत नाही. आपल्या अनुमानाला खोटे पडण्याची एक संधी द्यावी लागते. येथे ओव्हरड्राइव्हचे बटण कामी आले.

गाडीचा वेग ६० मैलांवर कायम ठेवायचा आणि ओव्हरड्राइव्ह काढून साध्या चौथ्या गिअरमध्ये यायचे. चाकांचा वेग तोच, शाफ्टचाही तोच. बदलला तो फक्त इंजिनाचा वेग. तो ४५.८ वरून ५५.८ हर्ट्झवर गेला. प्रयोगात एका वेळी एकच गोष्ट बदलावी, बाकीच्या कायम ठेवाव्यात, असे आम्ही शिक्षक घसा कोरडा होईपर्यंत सांगतो. त्याचे याहून चांगले उदाहरण मला तरी आठवत नाही.

या वेळी मी त्याला फोनचा ध्वनिग्राहक वापरायला सांगितले. आवाजाचे नमुने फोन सेकंदाला चाळीस हजारांहून अधिक घेतो. त्यामुळे आरशाची फसगत नाही. टप बंद करून घेतलेल्या या आलेखात दोन ठळक शिखरे दिसली. एक ९१.६ हर्ट्झला, दुसरे ५५.८ हर्ट्झला. ओव्हरड्राइव्ह काढताच पहिले शिखर उडी मारून १११.६ वर गेले. ते इंजिनातील स्फोटांचे, म्हणजे निरोगी इंजिनाच्या आवाजाचे होते. दुसरे जागचे तसूभरही हलले नाही.

थरथर इंजिनाची असती, तर तिने इंजिनाची सोबत सोडली नसती. ती शाफ्टच्या सोबत राहिली. शिवाय सांधे चुकीचे जुळल्याचा संशयही येथेच फिटला. तसे असते तर ओव्हरड्राइव्ह असतानाही १११.६ ला शिखर दिसायला हवे होते आणि बटणाने ते हलायला नको होते. तसे काही दिसले नाही. दोष होता शाफ्टच्या प्रत्येक फेरीला एकदा हिसडा देणारा. म्हणजेच शाफ्टचे वजन एका बाजूला जास्त होते.

गाडीच्या पोटाखाली

पुढचे काम गॅरेजमध्येच करायचे. गाडी उचलण्याच्या यंत्रावर चढवली, इंजिन बंद केले, आणि बत्ती घेऊन शाफ्ट हळूहळू हाताने फिरवत पाहिला. सांधे हाताने हलवून पाहिले. त्यांत ढिलेपणा नव्हता. मागच्या टोकाजवळ मात्र वंगण आणि धूळ यांच्या थरात एक स्वच्छ चौकोनी जागा सापडली, बोटाच्या पेराएवढी, आणि तिच्या दोन टोकांना वेल्डिंगचे दोन तुटके ठिपके.

कारखान्यात शाफ्ट तयार झाला की त्याचा समतोल करण्यासाठी हलक्या बाजूला लहानशी पोलादी पट्टी वेल्डिंगने चिकटवतात. एकावन्न वर्षांत गंजून ती पट्टी कोठेतरी गळून पडली होती.

एवढीशी पट्टी! पण हिशोब करून पाहा. ती २५ ग्रॅमची होती असे धरू. शाफ्टची त्रिज्या फक्त अडीच सेंटिमीटर. चाकाच्या मानाने काहीच नाही. परंतु शाफ्ट चाकाच्या ३.९ पट वेगाने फिरतो आणि बलाच्या सूत्रात वेगाचा वर्ग असतो, ३.९ चा वर्ग सुमारे १५. सेकंदाला ५५.८ फेऱ्या म्हणजे ३५० रेडियन. ०.०२५ × ०.०२५ × ३५० × ३५० म्हणजे सुमारे ७७ न्यूटन. पावणेआठ किलोच्या वजनाएवढी ओढ, सेकंदाला ५६ वेळा! म्हणूनच चाकावर कितीही शिसे चिकटवले तरी उपयोग झाला नाही.

शाफ्टचा समतोल करून देणारी दुकाने असतात. तेथे तो यंत्रावर फिरवून नवी पट्टी बसवली. गाडी पुन्हा त्याच रस्त्यावर, त्याच वेगाने नेऊन आलेख काढला. ५५.८ चे ते शिखर रस्त्याच्या गोंगाटात बुडून गेले होते. इंजिन जागच्या जागी राहिले.

एक गोष्ट मात्र मला स्वतःलाही बोचत राहिली. पहिल्याच फोनमध्ये त्याने सांगितले होते, की पायाखालून 'घूंऽऽ' असा आवाज येतो आणि स्टिअरिंग मात्र स्थिर राहते. चौदा हर्ट्झचे हिसडे अंगाला जाणवतात. त्यांची अशी घुमणारी गुणगुण होत नाही. पुढच्या चाकांत दोष असता तर स्टिअरिंग हातात नाचले असते. मी ऐकले, पण ध्यानात घेतले नाही. ठरलेला सल्ला देऊन मोकळा झालो. नव्या टायरांचा खर्च त्यापायी झाला. अर्थात जुने टायर बदलले हे वाईट झाले नाही. जुनी हौसेची गाडी कमी चालते. नक्षी शाबूत राहते आणि रबर मात्र म्हातारे होते. पण थरथरीचे औषध ते नव्हते.

आणि थरथरीकडे काणाडोळा करणेही बरे नव्हते. असा शाफ्ट महिनोन्‌महिने हिसडे देत राहिला तर सांधे झिजतात. धावत्या गाडीखाली पुढचा सांधा तुटला तर शाफ्टचे टोक रस्त्यावर आदळते, आणि मग गाडी कोणाच्याच हातात राहत नाही.

तुम्ही करून पाहा

मोटार नसली म्हणून बिघडत नाही, सायकल पुरे. सायकल उलटी करून आसन आणि हँडलवर उभी करा. पुढचे चाक हलकेच फिरवून आपोआप थांबू द्या. असे पाच-सहा वेळा करा आणि दर वेळी कोणता भाग तळाला येतो त्याची नोंद ठेवा. बहुधा हवा भरायचा व्हॉल्व्ह खाली येईल, कारण तेथे थोडे वजन जास्त असते. त्याच्या बरोबर समोरच्या तारेला वायरचे लहान तुकडे गुंडाळत जा. चाक वाटेल तेथे थांबू लागले, की समतोल साधला.

मग मागच्या चाकाच्या तारांना एक जड नट पक्का बांधा, फोन सायकलच्या दांड्यावर पट्टीने बसवा आणि हाताने पायडल फिरवून आलेख काढा. पायडलची एक फेरी झाली म्हणजे चाकाच्या किती फेऱ्या होतात, ते दोन्ही दातेरी चक्रांचे दाते मोजून काढा. आलेखातले शिखर तुमच्या हिशोबाशी जुळते का? चाक फिरत असताना बोटे, कपडे आणि केस तारांपासून दूर ठेवा, आणि हा प्रयोग मोठ्या माणसांसमोरच करा. शिक्षकांना हा प्रयोग वर्गात दोन तासिकांत सहज घेता येईल.

जाता जाता एक उदाहरण. माझ्या विद्यार्थ्याची गाडी ताशी ७० मैलांनी, म्हणजे सेकंदाला ३१.३ मीटर वेगाने चालली असती, आणि फोन सेकंदाला १०० नमुने घेत असता, तर शाफ्टची थरथर आलेखात कोणत्या आकड्यावर दिसली असती? उत्तर काढल्यावरच पुढची ओळ वाचा.

उत्तर : शाफ्टची खरी वारंवारता सुमारे ६५ हर्ट्झ, आलेखात दिसणारी सुमारे ३५ हर्ट्झ.